लहान्यासाठी साजेशी घोडी

मोर्शीच्या एका नवरदेवाचं माप मी घेतलं नव्हतं, आणि घेतलं असं सांगितलं. ही माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक. ती आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपणाच्या गोष्टी सांगू लागलो तर त्या किती मनावर घ्यायच्या ते वाचकांना ठरवता येईल. चूक वहीत अर्ध्या ओळीत मावली होती. ती दुरुस्त करायला मला अकरा वर्षं लागली.

या अंकासाठी घोड्यांवर काही लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या मनात शर्यतीचे घोडे होते. मी त्यांना म्हटलं, आमच्या घोड्या शर्यत तर सोडाच, बँडच्या पुढेसुद्धा कधी गेल्या नाहीत. त्या लग्नाच्या घोड्या होत्या. पारापासून मांडवापर्यंत नवरदेवाला न्यायचं, आणि वाटेत त्याला पाडायचं नाही, एवढंच त्यांचं काम. हे काम सोपं वाटतं. ज्यांना सोपं वाटतं त्यांनी कधी वरातीच्या घोडीवर बसलेल्या माणसाचा चेहरा जवळून पाहिलेला नाही.

मी मुळात शिंप्याच्या हाताखालचा माणूस. अकोल्याला जठारपेठेत एका दुकानात मी मापं घ्यायचो. शेजारच्या गल्लीत करीमचाचांची पागा होती. पागा म्हणजे टिनाचं लांब छप्पर, त्याखाली तीन घोड्या आणि चौथ्या जागी चाचांची खाट. चाचा लग्नाचा कोट शिवायला आलेल्या नवरदेवांना आमच्याच दुकानात हेरायचे. एकदा मी एका गिऱ्हाइकाच्या पायाचं माप पुकारताना त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “अबे टेलर, तू टांग बराबर मापता है. मेरे पास आ जा.” मी तेव्हा पंचविशीचा होतो, लग्न नुकतंच झालं होतं, आणि दुकानाचा मालक माझ्यावर दिवसातून तीनदा ओरडायचा. चाचा दिवसातून एकदाच ओरडत, म्हणून मी गेलो. गळ्यातला टेप तसाच राहिला आणि ‘टेलर’ हे नावही.

लोकांना वाटतं, घोडी ती घोडी, तिच्यावर कुणीही बसावं. चाचांचं म्हणणं असं, की चुकीच्या मापाचा कोट माणूस घरी जाऊन काढून ठेवू शकतो, चुकीच्या मापाची घोडी सगळ्या गावासमोर अंगावर राहते. घोडीची उंची खांद्यापाशी मोजतात. डोक्यापाशी मोजत नाहीत, कारण डोकं ती वरखाली करते आणि दर वेळी वेगळा आकडा देते. चाचा मुठींनी मोजत, जमिनीपासून खांद्यापर्यंत एकावर एक मूठ ठेवत. पांढरी बेगम पंधरा मुठींची. तांबूस चांदणी तेरा मुठींची. आणि लवंगी जेमतेम दहा मुठींची, म्हणजे तिचा खांदा माझ्या कमरेला लागायचा. वयामुळे तिची पाठही खोलगट झाली होती. लवंगी मुंजीच्या बटूंसाठी आणि अगदीच बेताच्या नवरदेवांसाठी ठेवलेली. नाव तिखट, पण स्वभाव असा की बँड वाजत असताना उभ्या उभ्या झोपायची.

नवरदेवाचं माप घ्यायचं ते पायाचं. “ऊंचाई टोपीवाले के काम की, टांग अपने काम की,” असं चाचा म्हणायचे. काही माणसं धडाने लांब असतात, काही पायांनी. उभा माणूस फसवतो. नवरदेव घोडीवर बसला की त्याची टाच घोडीच्या पोटाच्या रेषेशी यायला हवी, चार बोटं इकडे किंवा तिकडे. फार वर राहिली तर तो खोगिरावर ठेवलेल्या गाठोड्यासारखा दिसतो. फार खाली लोंबली तर घोडी त्याला नेत नसून तो घोडीला नेतोय असं वाटतं. वजनाची परीक्षा वेगळी. नवरदेव बसल्यावर घोडीने नुसते कान हलवले तर ठीक. तिने मान वळवून मागे पाहिलं तर जड. आणि तिने काहीच केलं नाही तर नवरदेव अजून नीट बसलेलाच नाही.

अकोल्याच्या एका कापूस दलालाच्या मुलाच्या वेळी बेगमने मागे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली. हा मुलगा चढायलाच तयार नव्हता. स्टूल आणलं, त्यावर पाट ठेवला, पाटावर नवरदेव. चार मामांनी मागून एकदम जोर लावला. मामांनी जोराचा अंदाज न घेतल्यामुळे नवरदेव या बाजूने चढला आणि त्या बाजूने उतरला. उतरल्यावर त्याने उपरणं झटकलं आणि अत्यंत समाधानाने विचारलं, “पोचलो काय?” मांडव अजून दोन फर्लांग लांब होता.

याच्या उलट शेंदूरजनाघाटचा एक संत्र्यांचा बागाईतदार. उंची पाच फुटांच्या आत, आणि हट्ट बेगमचाच. नवरी त्याच्यापेक्षा बोटभर उंच होती आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी त्याला लवंगीचे गुण सांगितले. तो म्हणाला, “मले घोडी पायजे, पाट नको.” आम्ही बेगम दिली. वर बसल्यावर तो इतका उंच गेला आणि बेगमची मान इतकी मोठी, की समोरून पाहणाऱ्याला फक्त फेट्याचा तुरा दिसे. मांडवाच्या दारात एका म्हातारीने विचारलंच, “काहून वं, नुसती घोडीच धाडली का? जवाई मागून येऊन राह्यला?” सासूबाईंचा ओवाळणीचा हात त्याच्या गुडघ्याच्या वर जाईना. शेवटी संत्र्यांचं खोकं आणून त्यावर त्यांना उभं केलं. खोकं करकरत होतं, सासूबाई ‘अगं बाई’ म्हणत होत्या, आणि वर तो माणूस राजासारखा बसला होता. त्याच्या त्या चेहऱ्याकडे पाहून मला आमचं मापाचं शास्त्र जरा अपुरं वाटलं.

चाचांनी स्वतःहून शास्त्र मोडलं ते एकदाच. तारघरात नोकरीला असलेला एक तरुण आला. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती. तो मध्यम बांध्याचा, पाय तीस इंच, सरळ सरळ चांदणीचं गिऱ्हाईक. त्याने विचारलं, “तुमच्यापाशी सगळ्यात उंच कोनती हाये?” मी वहीत चांदणी लिहिली होती. चाचांनी ती खोडून बेगम लिहायला लावली. माझ्या कानाशी म्हणाले, “टेलर, ये माप टांग का नहीं है.” लग्नाच्या दिवशी त्या मुलाच्या वडिलांनी बेगमच्या मानेवर हात ठेवून चाचांना विचारलं, “हिले समजते का, आमी कोन?” चाचा म्हणाले, “उसको सिर्फ वजन समझता है, भाऊ.” म्हातारा खूप हसला. म्हणाला, “मंग हेच जनावर बरं.”

आता माझ्या चुकीकडे येतो. मघापासून मी तिला टाळतो आहे, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

साठ साल उजाडायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. वैशाख होता आणि एकाच दिवशी अकोल्यात पुष्कळ लग्नं होती. मोर्शीहून आबाजी नावाच्या गृहस्थांचं कार्ड आलं. मजकूर मला अजून पाठ आहे. ‘आमच्या लहान्याचं, चि. वामनचं लग्न जठारपेठेत ठरलं आहे. लहान्यासाठी साजेशी घोडी राखून ठेवावी.’ पागेचा नियम असा, की बसणारा पाहिल्याशिवाय घोडी ठरवायची नाही. चाचांनी मला मोर्शीला पाठवलं. अकोल्याहून अमरावती, तिथून दुसऱ्या बसने मोर्शी. मी टेप घेतला, वही घेतली आणि निघालो.

अमरावतीला माझी थोरली बहीण राहायची. मोर्शीच्या बसला दोन तास अवकाश होता म्हणून मी तिच्याकडे गेलो. तिने आमरस केला होता. मी एकच वाटी घेणार होतो. ती म्हणाली, “लहान्या, आनखी एक घे. वाळून गेला तू त्या घोड्यायपाशी.” मी चार वाट्या घेतल्या आणि जरा आडवा झालो. उठलो तेव्हा उन्हं कलली होती आणि मोर्शीची शेवटची बस गेली होती.

दुसऱ्या दिवशी मोर्शीला जाता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशीही रस होता.

परतीच्या बसमध्ये मी ते कार्ड काढून पुन्हा पुन्हा वाचलं. लहान्या. शिवाय वामन. मी मनाशी म्हटलं, बापाने दोनदोनदा सांगितलंय की मुलगा लहानखुरा आहे, आणखी काय मोजायचं राहिलं? वही मांडीवर घेऊन मी लिहिलं, ‘उंची चार फूट अकरा. पाय सव्वीस.’ पायाचा आकडा लिहिताना थोडा विचारही केला, म्हणजे लबाडीत कसूर नको.

वाचकांतले जे वऱ्हाडातले असतील त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे धाकट्या मुलाला लहान्या म्हणतात. तो साठ वर्षांचा झाला, नातवंडं झाली, तरी तो लहान्याच. त्याचा उंचीशी काही संबंध नाही. आणि हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाच फूट आठ इंचांच्या मला माझी बहीण आदल्याच दिवशी लहान्या म्हणून रस वाढत होती. राहता राहिला वामन. त्या वामनाने पुढे तीन पावलांत काय केलं, तेही मला त्या बसमध्ये आठवलं नाही.

चाचांनी वही पाहिली. “चार फूट अकरा? खुद मापा?”

“हो.”

“टांग छब्बीस?”

“हो, चाचा.”

“बेचारा,” चाचा म्हणाले. “लवंगी ले जाना.”

लग्नाच्या दिवशी चाचा बेगमला घेऊन बाळापूरच्या वाटेला लागले आणि चांदणी दुसऱ्या गड्याबरोबर रेल्वे स्टेशनकडच्या एका वरातीला गेली. मी लवंगीला झूल घातली, गळ्यात माळ घातली आणि मारुतीच्या पारावर नेऊन उभी केली. वऱ्हाडी जमले होते. धोतर-कोटातले आबाजी पुढे आले आणि त्यांनी लवंगीकडे पाहिलं.

“हे काय हाये?”

“घोडी,” मी म्हणालो.

“बाकीची कुठी हाये?”

मी म्हटलं, नवरदेवाच्या मापाची आहे. त्यांच्या शेजारी एक ठेंगणे गृहस्थ नवे कपडे घालून उभे होते. मी त्यांना हात जोडले आणि म्हणालो, “या, बसा.” ते दचकून मागे सरले. आबाजी ओरडले, “अरे, तो माहा मोठा! त्याले दोन लेकरं हायेत! लहान्या हा तथी हाये!”

पाराच्या मागून, वडाच्या पारंब्या हाताने बाजूला सारत, लहान्या आला. एवढा उंच माणूस मी तोपर्यंत फक्त सर्कशीत पाहिला होता, आणि त्याच्या पायाला बांबू बांधलेले होते. वामनराव मोर्शीच्या शाळेत गणित शिकवत. डोक्याला बाशिंग, हातात लिंबू टोचलेली कट्यार, आणि चेहरा अत्यंत सौम्य. त्यांनी लवंगीकडे वाकून पाहिलं. फार वाकावं लागलं. मग मला हळू आवाजात विचारलं, “हिला त्रास तर होणार नाही ना?”

मुहूर्त जवळ आला होता. दुसरी घोडी मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, “दहा मिनिटांचा प्रश्न आहे. बसा.”

त्यांना चढावं लागलं नाही. त्यांनी एक पाय पलीकडे टाकला आणि ते बसले. दोन्ही बूट जमिनीला टेकले. मी घाईघाईने रिकिबीच्या वाद्या आखडल्या, शेवटच्या भोकापर्यंत. तेव्हा त्यांचे गुडघे वर आले आणि बाशिंगाच्या सरी गुडघ्यांत अडकल्या. आता ते घोडीवर बसलेले न दिसता गुडघ्यांआडून कुणीतरी चोरून पाहत असल्यासारखे दिसू लागले. एक वऱ्हाडी म्हणाला, “पाय सोडा बापा, नाईतर नवरदेवाची घडी होऊन जाईन.” मी रिकिबी सोडल्या. वरात निघाली.

पहिली पन्नास-साठ पावलं बरी गेली. लवंगी चालत होती आणि वामनरावही चालत होते. भलेपणाने ते आपलं बरंचसं वजन स्वतःच उचलत होते. बँडवाले मागे वळून पाहत, त्यामुळे क्लॅरिनेट मधूनच गळा दाबल्यासारखं ओरडे. जठारपेठेतल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मांडवाशी आलो, आणि दारातून नवरीची मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, “अवं माय! सहा पायाची घोडी आली पाय!”

सगळा मांडव हसला. त्या आवाजाने लवंगीची झोप मोडली. मांडवाच्या खांबाला केळीचे खुंट बांधले होते, ते तिला दिसले, आणि जन्मात पहिल्यांदा ती लगबगीने पुढे झाली. वामनरावांनी दचकून दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. घोडी त्यांच्या खालून निघून गेली. ते पाय फाकवून, हातात कट्यार घेऊन, तसेच रस्त्याच्या मध्ये उभे राहिले, आणि लवंगी एकटीच मांडवाच्या दारात पोचली. सासूबाई तबक घेऊन तयारच होत्या. गडबडीत त्यांनी तिलाच ओवाळलं.

हसणं थांबेना. आबाजी मात्र लाल झाले होते. त्यांनी माझा दंड धरला. “हे कोनाचं काम हाये? आमची इज्जत काढाले कोनं सांगतलं तुले? वरात परत नेतो मी! ऐकून राह्यला का? परत नेतो!” नवरीचे वडील धावत आले. हसणं थांबलं. आतल्या दाराशी नवरी उभी होती आणि तिचा चेहरा मला दिसत होता. आबाजींनी पुन्हा विचारलं, “माप कोनं घेतलं?”

मी खरं सांगायला हवं होतं. रस, झोप, वही, सगळं. त्याऐवजी माझ्या तोंडातून निघालं, “मी आलो होतो मोर्शीला. तुम्ही घरी नव्हता. नवरदेवांनीच उंची सांगितली. चार फूट अकरा म्हणाले.”

सगळ्यांच्या माना वामनरावांकडे वळल्या. ते अजून रस्त्यातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते त्या दिवशीच पहिल्यांदा पाहत होते हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मग ते वडिलांना म्हणाले, “हो, बाबा. मीच सांगितलं. चुकलं माझं.”

आबाजींची पंचाईत झाली. रागवायचं तर आपल्याच मुलावर, आणि तो तर मांडवाच्या दारात. “गनिताचा मास्तर हाये तू!” एवढंच ते म्हणाले आणि माझा दंड सोडला. वामनरावांनी लवंगीच्या तोंडातलं केळीचं पान हळूच काढून घेतलं, तिची मान थोपटली आणि वाकून मांडवात शिरले. लग्न लागलं.

पण ती गोष्ट मोर्शीपर्यंत चालत गेली, आणि लवंगीपेक्षा कितीतरी भरभर. येणारे-जाणारे आम्हाला सांगत. शाळेत त्यांना ‘सहापायी सर’ म्हणतात. फळ्यावर दरवर्षी कुणीतरी सहा पायांची घोडी काढतो. स्वतःची उंची ज्याला माहीत नाही तो त्रैराशिक काय शिकवणार, असं पालकसुद्धा हसून म्हणतात. मी ऐकायचो आणि खरारा करायचो. त्या वर्षांत आमच्या घोड्या फार चकचकीत असत.

पागेतही मला सुटका नव्हती. कुणी शाळामास्तर लग्नाची घोडी ठरवायला आला की चाचा मोठ्याने म्हणायचे, “मास्तर लोगों को हम घोडी नहीं देते. उनको खुद की ऊंचाई मालूम नहीं रहती. पूछो हमारे टेलर को.” मग माझ्याकडे बघत राहायचे. मास्तर गोंधळून निघून जायचा. मी धावत जाऊन त्याला परत आणायचो, आणि त्याचं माप दोनदा घ्यायचो.

अकरा वर्षांनी चाचा आजारी पडले. लवंगी तोवर गेली होती, चांदणी विकली होती, आणि नवरदेव मोटारीतून येऊ लागले होते. मोटार सगळ्यांना एकाच मापाची असते, त्यामुळे माझं कामही संपत आलं होतं. एका दुपारी मी चाचांच्या खाटेशी बसलो होतो. म्हणालो, “चाचा, एक सांगायचं राहिलं आहे.”

“मोर्शी का?” ते डोळे न उघडता म्हणाले.



“तेरे कुर्ते पे आम का दाग था,” चाचा म्हणाले. “मोर्शी में तुझे आम कौन खिलाएगा, बे? वो तो तेरी बहन के घर का था.”

“माहीत होतं, मग बोलला का नाहीत?”

“लवंगी को भेजने तक मालूम नहीं था. रात को तेरा कुर्ता खूंटी पे देखा, तब समझा.” त्यांनी डोळे उघडले. “ग्यारह साल से बोल तो रहा हूँ. हर मास्तर को बोला. तूने सुना नहीं.” थोडा दम घेऊन म्हणाले, “मोर्शी की बस अभी भी जाती है, टेलर.”

दुसऱ्या दिवशी मी निघालो. अमरावतीला उतरलो, पण बहिणीकडे गेलो नाही. नंतर तिला कळलं तेव्हा ती रागावली, पण पुन्हा तिथे आडवा होण्याचा धोका मला पत्करायचा नव्हता. संध्याकाळी मोर्शीला वामनरावांचं घर शोधलं. विचारावं लागलंच नाही. त्या घराची चौकट आळीत सगळ्यात उंच होती.

आबाजी ओट्यावर बसले होते. आता फार म्हातारे झाले होते. वामनराव बाहेर आले, त्यांनी मला ओळखलं आणि बसायला सतरंजी टाकली. त्यांच्या पत्नीने पाणी आणलं. मी पाणी न पिता सगळं एका दमात सांगून टाकलं. आलो नव्हतो. रस खाल्ला. झोपलो. आकडा मनाने लिहिला. आणि मांडवात सरांवर ढकललं.

पहिल्यांदा बोलल्या त्या बाई. नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हनजे अकरा वर्सं मी तुमाले उगाच बोलून राह्यली? का सोताची उंची ठावं नाई, अन् पोट्ट्यायले हिसोब शिकवता? तुमी सांगतलं काहून नाई?”

“तू बोलायला लागलीस की मध्ये जागा नसते,” वामनराव म्हणाले.

मी त्यांना विचारलं, “सर, तुम्ही तेव्हा हो का म्हणालात?”

त्यांनी विचार केला. “तुम्ही फार घाबरला होता. बाबा वरात परत नेणार होते. आणि ही दारात उभी होती. एक खोटं बोललं की तिन्ही गणितं सुटत होती.” मग जरा ओशाळून म्हणाले, “शिवाय तोपर्यंत घोडीवरून उतरलो होतो. पुन्हा बसायची माझी तयारी नव्हती.”

आबाजी इतका वेळ काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, “माह्यापुढं काय सांगतं? मी तं पंगतीतच इसरलो होतो. ज्यायनं याचं नाव ठेवलं ते सारे शाळेत बसतेत. तथी जाय, अन् तथी सांग.”

रात्री मी त्यांच्याकडेच जेवलो. सकाळी सरांबरोबर शाळेत गेलो. त्यांच्याशी पाऊल जुळवायला मला जवळजवळ पळावं लागत होतं. सातवीचा वर्ग होता. फळ्यावर घोडी काढलेलीच होती. चित्र वाईट नव्हतं. पाय मी मोजले, सहा होते.

सरांनी पोरांना सांगितलं, “हे अकोल्याचे पाहुणे. यांना काही बोलायचं आहे.” आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी सांगितलं. चाळीस पोरांसमोर आमरसाच्या चार वाट्या कबूल करणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. एका पोराने विचारलं, “मंग घोडी खरी किती पायाची होती?”

“चारच.”

“अन् हे दोन?”

“ते तुमच्या सरांचे.”

वर्ग हसला. सरही हसले. मग मी खिशातून टेप काढला आणि म्हणालो, “सर, इकडे या. राहिलेलं काम करू.” आधी पाय मोजला, चाचांच्या शिकवणीप्रमाणे. सदतीस इंच. उंचीसाठी मला बाकावर चढावं लागलं. सहा फूट तीन. खडू घेऊन मी दोन्ही आकडे फळ्यावर त्या घोडीच्या शेजारी लिहिले, आणि घोडीचे दोन पाय पुसले.

मग मी बाकावरून खाली उतरलो, कारण माफी वरून मागू नये. उतरल्यावर सरांचा चेहरा पुन्हा फार उंच गेला. मान वर करून मी म्हणालो, “सर, तुमची उंची तुम्हाला माहीत होती. मला माहीत नव्हती, कारण त्या दिवशी मी मोर्शीला आलोच नव्हतो. आज आलो. मला माफ करा.”